हक्काचं ऑपरेशन

अवंतीला पहिल्यांदा दम लागला तो मांडूला, आणि तोही घरातल्या आनंदाच्या दिवसांत. तिचा नवरा योगेंद्र देवासच्या कारखान्यात फिटरचा सुपरवायझर झाला होता. त्याचे वडील सत्तरच्या दशकात जळगावकडून इथे नोकरीला आले, मशीनवर उभ्याउभ्या म्हातारे झाले आणि मशीनवरूनच निवृत्त झाले. त्या घराण्यात कुणाच्या वाट्याला टेबल-खुर्ची येण्याची ही पहिलीच वेळ. गल्लीत पेढे वाटून झाले, आणि थंडीतल्या एका रविवारी योगेंद्र बायकोला आणि सहा वर्षांच्या ऋजुताला घेऊन निघाला. धारला अवंतीचे वडील, अण्णा, एकटेच राहत. त्यांना बरोबर घ्यायचं आणि नालछ्यावरून मांडू गाठायचं, असा बेत.

रूपमतीच्या मंडपाची चढण तशी काही फार नाही. म्हातारी माणसंही गप्पा मारत चढतात. पण अर्ध्यावर अवंती मटकन खाली बसली. तोंड उघडं पडलं, ओठ काळसर झाले. योगेंद्रने पाणी दिलं, म्हणाला, "सकाळपासून काही खाल्लं नाहीस, म्हणून." तिनेही मान डोलावली.  अण्णा मात्र खालच्या पायरीवर काठीला टेकून उभे राहिले आणि लेकीकडे बघत राहिले. परत निघताना बसस्टँडवर त्यांनी जावयाचा हात धरला.

"जावईबापू, एकदा इंदूरला हिची छाती दाखवून घ्या. टाळू नका."

इंदूरच्या डॉक्टरांनी बराच वेळ डोळे मिटून तिच्या छातीतले ठोके ऐकले. मग विचारलं, "बचपन में कभी जोड़ों में सूजन आई थी? बुखार के साथ?"

आली होती. अवंती तेव्हा तिसरीत होती. आधी गुडघे, मग घोटे, मग मनगटं टम्म फुगली. अण्णा त्याच शाळेत मास्तर. तिला पाठुंगळी घेऊन घरी आणत. धारच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं, तेही पंचविशीपर्यंत. अण्णांनी बरीच वर्षं ते नेमाने दिलं. मग स्थळं यायला लागली. 'इंजेक्शनवरची मुलगी' असं कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून आत्याने हट्ट धरला, आणि पोर तर ठणठणीत दिसत होती. इंजेक्शनं थांबली. सासरी यातलं कुणाला काही सांगितलं गेलं नाही. आपण काही लपवतोय असं अवंतीलाही कधी वाटलं नव्हतं. बरं झालेलं दुखणं कुणी सांगत बसतं का?

"हाँ," ती म्हणाली. "आई थी."

योगेंद्रने वळून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे तो पहिल्यांदा ऐकत होता.

त्या तापाने हृदयाची एक झडप आत आखडत गेली होती. दार अर्धवट उघडावं तशी ती उघडत होती, आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबत होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आज लगेच काही करायला पाहिजे असं नाही, पण फार लांबवूही नका. झडप मऊ आहे तोवर मांडीतल्या नसेतून नळी घालून, फुग्याने ती उघडता येते. त्याला बलून म्हणतात. एकदा ती कडक झाली की मग छाती फाडण्यावाचून इलाज नाही.

देवासच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. क्षिप्रेचा पूल येईपर्यंत योगेंद्र खिडकीबाहेरच बघत होता.

"मला सांगायचं होतंस," तो शेवटी म्हणाला.

"मलाच कुठे ठाऊक होतं, ते आत राहिलंय म्हणून."

 पूल ओलांडल्यावर त्याने तिच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

खरी गोची दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळली. योगेंद्र फिटर होता तोवर पगारातून कर्मचारी विम्याची कपात व्हायची आणि त्यात घरातल्या माणसांच्या मोठ्यात मोठ्या दुखण्याची सोय असायची. जुनं दुखणं, नवं दुखणं असा भेद तिथे नव्हता. सुपरवायझर झाल्यावर पगार मर्यादेच्या थोडासा वर सरकला आणि ते कार्ड बंद झालं. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दवाखान्याच्या रांगा सुटल्या म्हणून अवंतीच खूश झाली होती.

योगेंद्र पर्सोनेलच्या साहेबांकडे गेला. म्हणाला, मला परत फिटर करा. साहेब आधी हसला, आणि हा गमतीने बोलत नाही हे लक्षात आल्यावर गप्प झाला. चढवलेला माणूस खाली उतरवायचा तर शिक्षा म्हणूनच उतरवता येतो, असं त्याने सांगितलं. बायको आजारी आहे म्हणून उतरवायचा नियम नाही.

हे सगळं ऐकून उमाशंकर घरी आला. तो गल्लीतलाच, मूळचा उज्जैनकडचा. गिरणी बंद पडल्यावर विम्याची एजंटी करायला लागला होता. लहानपणापासून मराठी शेजारात वाढल्यामुळे त्याच्या एका वाक्यात दोन्ही भाषा नांदायच्या. आरोग्यविम्याच्या खासगी कंपन्या तेव्हा नुकत्याच आल्या होत्या.

"भिया, दो रास्ते हैं," चहाची कपबशी खाली ठेवत तो म्हणाला. "एक, भाभीचं दुखणं लिहायचंच नाही. पण मग ऑपरेशनच्या टायमाला कंपनीवाले जुने कागद खोदून काढतील, और सब कैंसिल. दुसरा रास्ता सीधा है. जे आहे ते लिहून द्या. पहिले चार साल त्या दुखण्याचं काही मिळणार नाही. चार साल बिना क्लेम के निकल गए, तर पाचव्यात जुनं दुखणंही कवर."

"बिना क्लेम म्हणजे?" योगेंद्रने विचारलं.

"म्हणजे कुठलाच नाही. ना भाभीचा, ना तुमचा, ना बिटियाचा. एक भी लिया, तो गिनती फिर एक से."

उमाशंकर सरळ माणूस होता. त्याने काही लपवलं नाही, काही वाढवून सांगितलं नाही. योगेंद्रने सगळं खरं लिहून दिलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं, की चार वर्षं चालतील का? डॉक्टर म्हणाले, गोळ्या नियमित घ्या, दर सहा महिन्यांनी हृदयाचा इको करा, बघत राहू. योगेंद्रने त्यातून आपल्याला हवा तेवढा होकार काढून घेतला.

ही बातमी धारला पोचली आणि दोनच दिवसांत अण्णा सकाळच्या बसने देवासला आले. जेवताना त्यांनी विषय काढला.

"माझं घर विकतो. मला एकट्याला काय, शेजारच्या नर्मदाबाईंच्या मागची खोली पुरे. हिचं आत्ताच करून टाकू."

"अण्णा, तुमच्या डोक्यावरचं छप्पर काढून मी बायकोचं ऑपरेशन करू?" योगेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण घास हातातच थांबला होता. "चार वर्षांनी हक्काचं ऑपरेशन होणार आहे. कुणाचे उपकार नकोत, कुणापुढे हात पसरणं नको."

"दुखण्याला हक्क कळत नाही हो, जावईबापू."

"डॉक्टर म्हणालेत, बघत राहू."

अण्णांनी अवंतीकडे पाहिलं. त्या क्षणी ती बोलली असती तर योगेंद्रला ऐकावं लागलं असतं. पण 'हक्काचं' हा शब्द तिलाही आवडला होता. नवऱ्याला आधीच एक गोष्ट न सांगितल्याचा सल होता. वर पुन्हा माहेरच्या पैशाने त्याची मान खाली जावी, हे तिला नको होतं. तिने अण्णांच्या ताटात भात वाढला. अण्णा जेवले नाहीत. भात तसाच ठेवून संध्याकाळच्या बसने परत गेले.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसरंही. गोळ्या चालू होत्या. अवंती चढ टाळायची, जड उचलायची नाही, आणि पाहुणे आले की स्वयंपाकघरात पाटावर बसून पोळ्या लाटायची. शेजारणींना वाटायचं, गुडघे दुखत असतील. वर्षाच्या शेवटी उमाशंकर हप्ता न्यायला यायचा आणि जाताना म्हणायचा, "एक और कटा, भाभी." जणू काही ती कुठे शिक्षाच भोगत होती.

तिसऱ्या वर्षी भोपाळ चौराह्यावर एका ट्रॅक्टरने योगेंद्रच्या स्कूटरला उडवलं. डावा पाय मांडीच्या खाली मोडला. हाडांच्या खासगी डॉक्टरांनी सांगितलं, आत सळई घालायला पाहिजे, नाहीतर हाड नीट जुळणार नाही. विमा असेल तर आजच घेतो. उमाशंकर धावत आला होता, खाटेच्या कडेला उभा होता. योगेंद्रने कण्हतच त्याला विचारलं,

"हा क्लेम केला तर हिचं?"

उमाशंकरने खाली बघितलं. "गिनती टूट जाएगी, भिया."

"मग सरकारी दवाखान्यात न्या मला. प्लास्टर घालतील."

"हे काय चाललंय?" अवंती पुढे झाली. "आधी पाय. माझं पुढे बघू. आणखी चार वर्षं थांबू."

"पायाने माणूस मरत नाही," योगेंद्र म्हणाला. "दीड वर्ष राहिलंय. आता मोडायचं नाही."

त्याने ऐकलं नाही. जिल्हा रुग्णालयात प्लास्टर घातलं गेलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पाय आखूड झाला आणि चालताना कंबरेतून झोका बसायला लागला. कारखान्यात सुपरवायझरला शेडभर फिरावं लागतं. वर्षभरात त्याला स्टोअरमध्ये बसवलं. त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. पण सकाळी मोजा घालताना त्याला पाय उचलून मांडीवर घ्यावा लागे, तेव्हा अवंती दुसरीकडे बघे.

योगेंद्र प्लास्टरमध्ये पडून होता त्या महिन्यांत घराचा सगळा भार तिच्यावर आला. बाजार, ऋजुताची शाळा, त्याचं सगळं अंथरुणात. त्यातून देवासचा उन्हाळा. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकर आला की गल्लीतल्या बाया भांडी घेऊन धावायच्या. अवंतीही धावायची. दोन बादल्या वरच्या मजल्यावर नेताना ती जिन्याच्या वळणावर थांबे, भिंतीला कपाळ टेकवे, आणि श्वास परत आला की पुन्हा बादल्या उचली. झोपताना एक उशी पुरेनाशी झाली. दोन घेतल्या, मग तीन. योगेंद्रने विचारलं तर म्हणाली, पित्त होतंय, उंचावर बरं वाटतं.

मे महिन्यात एकदा टँकरच्या रांगेतच ती कोसळली. खोकल्यातून गुलाबी फेस आला. शेजारच्या बायांनी उचलून जवळच्या डॉक्टरकडे नेलं. तो तरुण होता, घाबरला. तुंबलेलं पाणी उतरावं म्हणून लघवीची सुई टोचली, ऑक्सिजन लावला आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता इंदूरला नेऊन भरती करा.

"भरती नाही होणार," अवंती श्वासाश्वासातून म्हणाली.

"दीदी, जान का सवाल है."

"सुई इथेच द्या. भरती नाही."

तिच्या डोक्यात एकच होतं. भरती झाले, की हृदयाची नवी नोंद होणार, कंपनीला कळणार, काहीतरी फाटा फुटणार. तसं खरंच झालं असतं का, कोण जाणे. पण नियमाच्या धाकात वर्षानुवर्षं काढली की माणूस नियमात नसलेल्या गोष्टींनाही भ्यायला लागतो. दुपारपर्यंत तिला उतार पडला. घरी येऊन तिने योगेंद्रला सांगितलं, "ऊन लागलं जरासं." बायांनाही तिने गप्प राहायला सांगितलं होतं, आणि तिच्या तोंडाकडे बघून त्या गप्प राहिल्या.

त्याच महिन्यात इकोची तारीख होती. योगेंद्र उठू शकत नव्हता, म्हणून ती एकटीच निघाली. बसस्टँडवर इंदूरची बस लागलेली होती. ती बसमध्ये चढली नाही. बाकावर बसून राहिली. इकोत काय दिसणार हे तिला मशीनशिवाय कळत होतं. डॉक्टर म्हणतील, आताच करा. मग योगेंद्र अण्णांच्या घराला हो म्हणेल, किंवा कुठून तरी कर्ज काढेल, आणि त्याचा तो मोडका पाय फुकट जाईल. ज्याच्यासाठी त्याने पाय वाकडा जुळू दिला, ती गोष्टच मोडीत निघेल. पंधरा-सोळा महिने तर उरलेत. निघतील. आजवर निघाले तसे निघतील. ती दोन बसेस जाऊ देऊन घरी परतली.

"काय म्हणाले?" योगेंद्रने विचारलं.

"आहे तसंच आहे म्हणाले. गोळ्या चालू ठेवा."

त्याने डोळे मिटून देवाला हात जोडले. पुढच्या दोन तारखांनाही तिने तेच केलं. खोटं बोलायला एकदाच जड जातं.

आणि एकदाची ती मुदत संपली. उमाशंकर स्वतः कंपनीच्या इंदूर ऑफिसात जाऊन विचारून आला. येताना जिन्यातूनच ओरडला, "हो गया भाभी! अब सब कवर है!" त्याचे डोळे भरून आले होते. योगेंद्रने त्याला मिठी मारली. अवंती पलंगावर तक्क्याला टेकून बसली होती. तिचे पाय सुजले होते, पोट फुगलं होतं, आणि तोंडाला कसलीच चव नव्हती. तरी ती हसली. खरंच हसली. आता बोलायला हरकत नव्हती.

इंदूरच्या दवाखान्यात भरती झाली. कंपनीची मंजुरी फॅक्सने आली, दुसऱ्याच दिवशी, एकही प्रश्न न विचारता. योगेंद्र तो कागद घडी घालून खिशात ठेवी आणि पुन्हा काढून वाची. दोन दिवस तपासण्या चालल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना खोलीत बोलावलं. अवंतीला चाकाच्या खुर्चीवरून नेलं.

डॉक्टर पहिल्यापासूनचेच होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी फाइल उलटसुलट पाहिली.

"आप दो साल से इको के लिए क्यों नहीं आईं?"

"आई थी ना, साहब," योगेंद्र म्हणाला. "हर बार आई थी."

डॉक्टरांनी फाइलवरून नजर उचलून अवंतीकडे पाहिलं. मग फाइल बंद केली. योगेंद्रही तिच्याकडे बघत होता. अवंतीने हातातल्या सुईवरची पट्टी सारखी केली.

मग डॉक्टर बोलले, सावकाश, सोप्या शब्दांत. झडप दगडासारखी झाली होती. बलूनचा प्रश्नच नव्हता. मागे तुंबलेल्या रक्ताने फुप्फुसातला दाब वाढत वाढत इतका गेला होता की हृदयाची उजवी बाजू थकून ताणली गेली होती. यकृत सुजलं होतं, किडनीही साथ देत नव्हती. छाती उघडली तर बाई टेबलावरून उठणार नाहीत. मी हात लावणार नाही, आणि कुणी लावतो म्हणाला तर लावू देऊ नका.

"पर मंज़ूरी आ गई है," योगेंद्र म्हणाला. त्याने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला.

"मुझे पता है," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद उचलला नाही. "डेढ़ साल पहले आतीं, तो बलून से हो जाता."

बाहेर व्हरांड्यात योगेंद्रने खुर्ची भिंतीशी लावली आणि तिच्यासमोर उभा राहिला.  संसारात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला.

"का? का केलंस असं? मी तुझ्यासाठी पाय असा ठेवला, आणि तू तपासायला गेलीच नाहीस?"

"म्हणूनच," अवंती म्हणाली.

एक आया बादली-पोछा घेऊन आली, "भाईसाब, पाँव उठाओ," म्हणाली, आणि त्याने तो आखूड पाय उचलून धरला.

मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात कागद दाखवून झाले. तिथेही तेच उत्तर मिळालं, फक्त मराठीतून. घरी परतल्यावर पोटातलं पाणी काढायला, दाब उतरवायला म्हणून अवंतीला अधूनमधून भरती करावं लागे आणि त्या भरतीची बिलं कंपनी बिनबोभाट चुकती करी. एका दुपारी उमाशंकर तसाच एक चेक द्यायला आला तेव्हा अवंतीने त्याला थांबवलं.

"भैया, आता गिनतीचं काही राहिलं नाही ना? मग यांच्या पायाचं करून घ्या. मोडून पुन्हा जोडतात म्हणे."

योगेंद्र नको म्हणाला. ती अडून बसली. औषध घेणार नाही म्हणाली, तेव्हा कुठे तो तयार झाला. कागद गेले. महिन्याने उत्तर आलं. अपघात झाला तेव्हा कंपनीला कळवलेलं नव्हतं, सबब ही जुनी इजा, मंजूर करता येत नाही. उमाशंकरने हे उभ्याउभ्याच सांगितलं. अवंतीने बसा म्हटलं तरी तो बसला नाही. "माफ करना भाभी," एवढंच म्हणाला. त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं. तिने तसं त्याला सांगितलंही. पण त्यानंतर तो घरी यायचा बंद झाला. हप्त्याच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा.

धारला अण्णांना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे अधू झाले होते, फोनवर कमी ऐकू यायचं. अवंती इंदूरला ऑपरेशनला गेली आहे, इतकंच त्यांना माहीत होतं. नर्मदाबाई शेजारून फोन करून विचारायच्या, की मास्तर रोज दारात बसतात, काय सांगू? शेवटी अवंती म्हणाली, मला धारला न्या. पाणी काढून आल्यावर चार दिवस तिला जरा हलकं वाटे, त्या दिवसांत ती तिघं गेली.

अण्णा ओट्यावर बसले होते. चाहूल लागली तसे हात पुढे करून उठले. अवंतीने त्यांच्या पाया पडायला वाकायचं टाळलं. त्यांचे हातच आपल्या हातात घेतले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

तिने योगेंद्रकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"झालं, अण्णा."

"छाती उघडावी लागली का गं?"

"नाही. बलूनने झालं. मांडीतून नळी घातली. कळलंसुद्धा नाही."

"आणि कंपनीने दिलं सगळं?"

अवंतीला खोकला आला. योगेंद्र पुढे होऊन म्हणाला, "दिलं, अण्णा. एक प्रश्न विचारला नाही त्यांनी."

अण्णांनी दोन्ही हात वर नेऊन कपाळाला लावले.  "मी उगाच घाई करत होतो हो, जावईबापू. तुमचंच बरोबर होतं. हक्काचं ते हक्काचं." मग ते हळू आवाजात लेकीला म्हणाले, "ती इंजेक्शनं मी थांबवायला नको होती. रोज वाटायचं. आता सुटलो बघ." त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारून नर्मदाबाईंना शिरा करायला सांगितला. कित्येक महिन्यांत म्हातारा धड जेवला नव्हता, असं नर्मदाबाई शिरा आणताना म्हणाल्या; त्या दिवशी त्यांनी दोनदा मागून घेतला. मधेच ऋजुताला जवळ ओढून विचारलं, "आता आई भराभरा जिना चढते की नाही?"

अकरा वर्षांच्या ऋजुताने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"चढते ना, आजोबा," ती म्हणाली.

मुक्काम करा म्हणून अण्णांनी खूप आग्रह केला. आडवं झोपता येत नाही हे तिथे लपलं नसतं, म्हणून शाळेचं कारण सांगून ती दुपारीच निघाली. स्टँडवर बसची पायरी उंच होती. अवंती दांडीला धरून श्वास गोळा करत उभी राहिली. कंडक्टर दोनदा ओरडला. योगेंद्रने तिला खालून आधार दिला, पण स्वतःचाच पाय धड टेकेना, तेव्हा आतल्या एका बाईने हात देऊन तिला वर ओढून घेतलं.

बस धारच्या बाहेर पडली. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं होती. बराच वेळ गेल्यावर अवंती म्हणाली,

"पुढे अण्णांना सांगायची वेळ येईल ना, तेव्हा हृदयाचं सांगू नका."

"मग काय सांगू?"

"कावीळ सांगा. काविळीने खूप माणसं जातात."

योगेंद्रने खिडकीची काच ओढून बंद करायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावरच अडकली. त्याने सोडून दिली.

"बरं," तो म्हणाला.